एकोणऐंशीवं मिनिट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही. बारा वर्षांपूर्वी माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा भूल द्यायच्या आधी मला भीती वाटली ती ऑपरेशनची नव्हती. गुंगीत मी हे बोलून बसेन, याची होती. शुद्धीवर आल्यावर बायकोला पहिला प्रश्न केला तो हाच — मी काही बडबडलो का?

"बडबडलात ना," ती म्हणाली. "नळाला पाणी परवा येणार म्हणालात."

पाणी खरंच परवा आलं.

माझी ओळख एवढ्यात होऊन जाते. आमच्या सिडकोतल्या गल्लीत नळाला पाणी कधी आलं, किती वाजता आलं, किती मिनिटं टिकलं, याची नोंद माझ्या कॅलेंडरवर असते. शेजारी टाकी धुवायची असली की आधी मला विचारतात. स्कूटरचं अॅव्हरेज, मुलीच्या तापाचे आकडे, सिलिंडर लावल्याची तारीख — सगळं लिहिलेलं. नोकरीही तशीच मिळाली. तालुक्यांकडून पावसाचे आणि पेऱ्याचे तक्ते येतात, ते मी तपासतो आणि खाली लिहितो, "तपासले, बरोबर आहे." चोवीस वर्षांत माझ्या सहीनं पुढं गेलेला एकही तक्ता परत आलेला नाही. वरचे साहेब म्हणतात, यांच्याकडून आलंय ना, मग पाहायची गरज नाही.

हे कौतुक म्हणून सांगत नाही. चुकीचा आकडा लपवायचा असेल तर तो कुठं लपवावा? जिथं सगळे आकडे बरोबर असतात, तिथं. तिथं कुणी शोधतच नाही. हे मला विसाव्या वर्षीच कळलं होतं, आणि कळलं ते कसं, तेच सांगायचं आहे. पण एकदम सांगता येत नाही. थोडं फिरून यावं लागेल.

सत्तावीस वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघानं विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकली. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कॉलेजचा यात दोष नाही. त्याआधी आम्ही कधी दुसऱ्या फेरीच्या पुढं गेलो नव्हतो. त्या वर्षी पाच सामने खेळलो आणि पाचही जिंकले. अकरा गोल केले, चार खाल्ले. जिन्यातल्या भिंतीवर संघाचा फोटो अजून आहे. मागच्या ओळीत डावीकडून तिसरा मी.

संघात आम्ही सोळा जण होतो. मी होतो राखीव. पुढच्या फळीतला कुणी जायबंदी झाला तर पहिला नंबर माझा. पण कुणी जायबंदी झालं नाही. आता राखीव खेळाडूनं बाकावर बसून करायचं काय? मी औरंगपुऱ्यातून पुठ्ठ्याची दोनशे पानी वही आणली आणि लिहायला लागलो. गोल कुणाचा, कितव्या मिनिटाला, पास कुणाचा, कॉर्नर किती, कार्ड कुणाला. आमच्या कोच सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी कामच माझ्याकडं दिलं. स्पर्धेच्या टेबलावर जाऊन रोजच्या नोंदी मिळवून पाहायच्या, तेही मीच. पोरांनी माझं नाव "तलाठी" ठेवलं. तलाठ्याच्या वहीत आहे म्हणजे आहे. खुद्द तलाठी म्हणतोय म्हटल्यावर वाद संपायचे. मला त्या नावाचा राग नव्हता. खरं सांगायचं तर अभिमान होता.

त्या वहीत प्रत्येक खेळाडूचं एक पान होतं. सामना, मिनिटं, गोल, कार्डं असे रकाने. माझंही पान होतं. सेमीफायनलपर्यंत चार सामने झाले आणि माझ्या मिनिटांच्या रकान्यात एकाखाली एक चार शून्यं होती. मी ती दर सामन्याला स्वतःच्या हातानं लिहीत होतो. तुम्ही कधी स्वतःच्या नावापुढं ओळीनं शून्यं लिहिली आहेत का? — नाही, हे कारण म्हणून सांगत नाही. रकान्यात काय होतं, तेवढंच सांगतो.

आमचा नऊ नंबर होता भास्कर. लासूर स्टेशनचा. वडील तिथल्या बाजारात तोलारी करायचे, म्हणजे धान्याच्या गोण्यांचं वजन करायचे. भास्कर रोज पॅसेंजरनं जाऊन येऊन कॉलेज करायचा. फुटबॉल शिकला छावणीत, मामाकडं सुट्टीला यायचा तेव्हा. तिथल्या पोरांत अनवाणी खेळून त्याचे पाय असे तयार झाले होते की चेंडू त्याच्याकडं गेला की बाकावरचे आम्ही पाचही जण उभे राहायचो. फायनलआधीच्या चार सामन्यांत संघाचे नऊ गोल झाले. त्यातले सहा एकट्या भास्करचे. तो शेवटच्या वर्षाला होता. विद्यापीठाच्या संघाची निवड फायनल पाहून होणार होती, आणि निवड करणाऱ्या दोघांतल्या एकानं कोच सरांना आधीच सांगून ठेवलं होतं — तुमच्या नऊ नंबरला बघायला येतोय. विद्यापीठाकडून खेळलं की पुढं नोकरीसाठी खेळाडूंच्या कोट्यात अर्ज करता यायचा. भास्करच्या घरात हे सगळ्यांना तोंडपाठ होतं.

त्याचा आवाज मोठा होता. बोलणं गावाकडचं, तुटक. "अय, बॉल दे की, काय पूजा करतो का त्याची?" असं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. आमच्यातल्या शहरातल्या पोरांना त्याचं साधं बोलणंही भांडण वाटायचं. उपांत्यपूर्व सामन्यात त्यानं रेफ्रीला काहीतरी सुनावलं आणि त्याला पिवळं कार्ड मिळालं. ते खरं कार्ड होतं. मी पाहिलं, मी लिहिलं. भास्कर तापट आहे, हे त्या दिवसापासून सगळ्यांनी धरून टाकलं.

स्पर्धेचा नियम साधा होता. वेगवेगळ्या सामन्यांत मिळून दोन पिवळी कार्डं झाली की पुढचा सामना बाहेर.

आता सेमीफायनल.

शुक्रवार होता. आम्ही दोन–एकनं पुढं होतो. मला कोच सरांनी अंग गरम करायला पाठवलं होतं. तेही नेहमीचंच होतं, त्यातून काही व्हायचं नाही. मी आमच्याच गोलच्या मागं पळत होतो, खिशात वही आणि मनगटावर घड्याळ. त्यांना कॉर्नर मिळाला. आमचा गोलकीपर खालिद, त्यानं उडी मारून चेंडू ठोसला, त्यांचा एक जण त्याच्या अंगावर आला, आणि मग सात-आठ जणांची झुंबड. भास्करही मदतीला मागं आलेला. खालिदनं त्या पोराची गचांडी धरून त्याला ढकललं. रेफ्री धावत खालिदच्या पाठीमागं आला, त्याच्या पाठीवरचा नंबर पाहिला आणि कार्ड वर धरलं. खालिदची रेफ्रीकडं पाठ होती, तो अजून त्या पोराला शिव्या देत होता. आणि खालिदच्या पलीकडं, रेफ्रीच्या बरोबर समोर, तोंड करून ओरडत उभा होता भास्कर.

मी गोलच्या जाळीमागं होतो. दहा पावलांवर. माझ्यापेक्षा स्पष्ट कुणीच पाहिलं नव्हतं. कार्ड एक नंबरला, म्हणजे खालिदला. घड्याळ पाहिलं — एकाहत्तरावं मिनिट. वहीत लिहिलं: 71, पुढं 1. मी आकडे इंग्रजीत लिहायचो. एक म्हणजे सरळ उभी रेघ.

खालिदचं हे पहिलंच कार्ड. म्हणजे त्यालाही फायनलची अडचण नव्हती आणि भास्करलाही नव्हती. हे नीट लक्षात घ्या. मी पुढं जे केलं ते न करता सगळं सुरळीत होतं. कुणाला वाचवायचं नव्हतं, कुणाचं नुकसान टाळायचं नव्हतं.

सामना संपला. रेफ्री जालन्याकडचे, मराठी शाळेतले मास्तर होते. त्यांनी चिठ्ठी लिहून टेबलावर दिली आणि पाचच्या बसनं निघून गेले. फायनलला रेफ्री दुसरे होते. मोबाईल तेव्हा आमच्यापैकी कुणाकडंच नव्हते.

टेबल मैदानाच्या कडेला लिंबाखाली असायचं. स्पर्धेचे सचिव सर तिथं बसायचे. वयस्कर माणूस, उर्दू शाळेत शिकलेले, मराठी उत्तम बोलायचे पण हिशेब सगळा उर्दू नाही तर इंग्रजी आकड्यांत. त्यांनी चिठ्ठी उचलली, चष्मा वर केला आणि वाचली:

"नौ नंबर. उन्यासी मिनट. मिला लेव बाबा."

चिठ्ठी त्यांनी माझ्यापुढं सरकवली. मास्तरांनी मराठी आकड्यांत लिहिलं होतं: मिनिट ७१, खेळाडू क्र. १.

मराठीतला १ तुम्ही डोळ्यांपुढं आणा. वर वाटोळं, खाली शेपूट. इंग्रजी वाचणाऱ्याला तो नऊ दिसतो. उर्दूतला नऊही जवळजवळ तसाच. आपल्याकडं तिन्ही आकडे एकाच बाजारात चालतात, आणि अशा चुका पूर्वी रोज व्हायच्या. कुणीतरी म्हणायचं, "अहो, मराठी एक आहे तो," आणि विषय संपायचा. मला तेवढंच म्हणायचं होतं. सहा शब्दही लागले नसते. त्यांनी सात ओळखला होता, एक ओळखला नव्हता. शिवाय एकाच चिठ्ठीत तो आकडा दोनदा होता. माझ्या वहीत एकाहत्तर होतं, त्यांनी एकोणऐंशी वाचलं होतं. चूक स्वतःच स्वतःचा पुरावा देत होती.

मी किती वेळ गप्प होतो? फार नाही. दोन-तीन सेकंद. त्या दोन-तीन सेकंदांत मला सगळं दिसलं, हे मी कबूल करतो. नऊ नंबरला दुसरं पिवळं कार्ड. नऊ नंबर फायनलच्या बाहेर. नऊच्या जागी पहिला राखीव कोण?

मी म्हणालो, "बरोबर आहे, सर."

त्यांनी चिठ्ठीखाली माझी सही घेतली, संघाचा प्रतिनिधी म्हणून. "तपासले, बरोबर आहे" हे मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं ते तिथं.

ही कबुली इथं संपली असती तर बरं होतं. अचानक तोंडातून निघून गेलं, वय लहान होतं, असं म्हणता आलं असतं. पण टेबलापासून आमची पोरं बसली होती तिथपर्यंत शंभरेक पावलं होती, आणि मध्ये पाण्याची टाकी होती. मी टाकीच्या मागं थांबलो. वही उघडली. 71 मधल्या एकाला वर एक वाटोळं काढलं, तो नऊ झाला. पुढच्या 1 ला दुसरं वाटोळं काढलं, तोही नऊ झाला. मुगाच्या दाण्याएवढी दोन वाटोळी. त्या स्पर्धेत मी केलेले गोल ते एवढेच दोन.

कोच सरांना सांगितलं तेव्हा भास्कर बूट काढत होता.

"मला? मला कुठं दाखवलं कार्ड?" तो उठून उभा राहिला. "माझ्यापुढं आलतं खरं, पण मी काय केलतं? नुसता बोलत होतो."

"तुझं नुसतं बोलणंच पुरतं," कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

कोच सरांनी माझ्याकडं पाहिलं. "वहीत काय आहे?"

मी वही पुढं केली. सरांनी पाहिली आणि भास्करच्या हातात दिली. भास्करनं ती उजेडाकडं धरली. मला वाटलं, आता तो म्हणेल, ही शाई वेगळी दिसते. शाई वेगळी नव्हती. पेन तेच होतं.

"असंल मग," तो म्हणाला. "गर्दीत कळलं नसंल मला. तलाठ्याची वही खोटं नाय बोलत."

शुक्रवार संध्याकाळ पाच ते रविवार संध्याकाळ चार. सत्तेचाळीस तास. यातल्या कुठल्याही तासाला मी सायकल काढून सचिव सरांच्या घरी जाऊ शकलो असतो, घर मला माहीत होतं. "सर, तो मराठी एक आहे" — एवढंच. त्यांनी हसून दुरुस्ती केली असती. माझ्यावर संशयसुद्धा आला नसता. चूक त्यांचीच ठरली असती. इतकं सोपं होतं. मग का गेलो नाही? शनिवारी कोच सरांनी सांगितलं की पहिल्या अकरात मी आहे, आणि मी घरी येऊन आईला सांगितलं. झालं.

रविवारी मैदानावर माझ्या उजव्या बुटाचा तळ सुटायला आला होता. भास्करनं पाहिलं. माप दोघांचं एकच, आठ. त्यानं आपले बूट पिशवीतून काढून माझ्यापुढं टाकले. "घे. आज मला काय चपला बी पुरतात." मी ते घातले. होय, घातले. नाड्या बांधत होतो तेव्हा टोपी घातलेले एक गृहस्थ जवळ आले. बरोबर सोळा-सतरा वर्षांची मुलगी, हातात फडक्यात बांधलेला डबा. भास्करचे वडील आणि बहीण. आयुष्यात पहिल्यांदाच पोराचा खेळ पाहायला लासूरहून आले होते. भास्करनं घरी काही सांगितलेलं नव्हतं.

"आमचा भास्कर कुठून पळणार हाय?" त्यांनी मला विचारलं. "म्हंजी त्या बाजूला बसतो. ऊन बी कमी हाय तिकडं."

मी म्हणालो, "काका, तो आज नंतर येणार आहे. तुम्ही बसा कुठंही."

ते मैदानाच्या मध्यरेषेपाशी बसले. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून असेल.

फायनलमध्ये मी चौसष्ट मिनिटं खेळलो. दुसऱ्या दिवशी आठवून आठवून लिहिलं: चेंडू एकोणीस वेळा पायाला लागला, त्यातल्या अकरा वेळा त्यांच्याकडं गेला. एकदा गोल मोकळा होता, सहा पावलं फक्त. मी चेंडू वरून बाहेर मारला. बाकावरून भास्करचा आवाज आला, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा — "काय नाय तलाठ्या, काय नाय! पुढचा आपलाच!" चौसष्टाव्या मिनिटाला कोच सरांनी मला बाहेर काढलं. तेव्हा एक–एक होतं. दुसरा गोल त्यानंतर झाला. आम्ही दोन–एकनं जिंकलो.

पोरांनी भास्करला खांद्यावर घेतलं, कारण सहा गोल त्याचेच होते. त्याचे वडील टाळ्या वाजवत होते. पोरगा खेळला नाही तरी खांद्यावर कसा, हे त्यांना कळत नसावं. निवड करणाऱ्यांपैकी एक जण कोच सरांना म्हणताना मी ऐकलं, "तो नऊ नंबर बाहेर कसा? कार्डावर? मग काय उपयोग हो — शिस्त नाही." आमच्या संघातून तिघांची निवड झाली. खालिद त्यात होता. तो विद्यापीठाकडून खेळला आणि त्यावर त्याला नोकरी लागली. भास्करचं ते शेवटचं वर्ष होतं.

माझी निवड व्हायचा प्रश्नच नव्हता. मला मिळालं ते एवढंच — शून्य, शून्य, शून्य, शून्य, चौसष्ट.

नंतरची वर्षं लिहिण्यासारखी नाहीत. भास्कर वाळूजला कंपनीत लागला, हळूहळू सुपरवायझर झाला, संसार नीट केला. दर रविवारी लासूरला मुलामुलींना फुटबॉल शिकवतो. आमची भेट लग्नकार्यात व्हायची. तो "तलाठी" म्हणून मिठी मारायचा आणि मी त्याला पोरांची वयं विचारायचो. त्याचं काही वाईट झालं नाही ना, असं मी मनाशी म्हणत आलो. जणू त्याचं काय झालं यावर मी काय केलं ते ठरतं.

मी हे असंच घेऊन गेलो असतो. पण यंदा जानेवारीत कॉलेजनं त्या जुन्या संघाचा सत्कार ठेवला. सोळांपैकी तेरा जण आलो. कोच सर आता नाहीत. मला आधीच फोन आला होता — वही घेऊन या, त्या मोसमाची आकडेवारी मंचावरून वाचा. मी वाचली. पाच सामने, अकरा गोल, सगळं. सेमीफायनलची नोंद आली तेव्हा मी वाचलं, "एकोणऐंशीवं मिनिट, पिवळं कार्ड, क्रमांक नऊ." आवाज जराही हलला नाही. सवय वाईट असते.

मग भास्कर बोलायला उभा राहिला. समोर आत्ताची पोरं-पोरी बसलेली.

"मी फायनल खेळलो नाय," तो म्हणाला. "एकोणऐंशीव्या मिनिटाला माझी जीभ सुटली, आणि फायनल गेली. वडील गावाहून आलते, त्यांच्यापुढं बाकावर बसलो. मी म्हणत होतो, मला कार्ड दाखवलंच नाय. खरंच वाटत होतं मला तसं. माणसाला आपला राग दिसत नसतो, पोरांनो. ह्या आमच्या तलाठ्याची वही नसती, तर मी आजपर्यंत रेफ्रीलाच शिव्या देत बसलो असतो. त्या वहीनं मला माझा राग दाखवला. तवापासून मी आवाज खाली आणला. घरी बी, कंपनीत बी." आणि माझ्याकडं हात करून म्हणाला, "ह्याचे उपकार हायत माझ्यावर."

टाळ्या झाल्या. मी हात जोडले. काय करणार होतो?

तेव्हा मला कळलं की मी त्याची फायनल घेतली ती लहान गोष्ट होती. सत्तावीस वर्षं तो माणूस स्वतःच्या आवाजाला घाबरून जगला. न केलेल्या गोष्टीसाठी त्यानं स्वभाव बदलला. त्या मैदानावर "बॉल दे की" म्हणून ओरडणारा भास्कर मी पुन्हा पाहिला नव्हता, आणि का पाहिला नव्हता, हे मला त्या दिवशी समजलं.

तरीही मी बोललो नाही. आणि हे शेवटचं, जे सांगताना मला सगळ्यात जड जातं.

जेवणाच्या पंगतीत खालिद आमच्या समोर बसला होता. पुरी तोडता तोडता म्हणाला, "सच्ची बोलूं क्या भास्कर? मेरे को आज भी कभी कभी लगता, वो रेफ्री मेरे पीछे खड़ा था. कार्ड मेरा तो नै था?"

भास्कर हसला. "आता नोकरी लागून रिटायर व्हायला आला, आणि आता आठवतंय व्हय? ए तलाठ्या, दाखव रे ह्याला वही. मिटव ह्याची शंका."

वही माझ्या मांडीवर होती. विचारा मला, तेव्हा माझं वय किती होतं? सत्तेचाळीस. कुठली शून्यं नव्हती, कुठला सामना नव्हता, कुणी राखीव नव्हतं. मी वही उघडली आणि पान खालिदपुढं धरलं. त्यानं हात पुसले, चष्मा लावला, बोट ठेवून वाचलं.

"हाँ," तो म्हणाला, "नौ है."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

म्हणून हा गुन्हा सत्तावीस वर्षांपूर्वीचा नाही. या जानेवारीतला आहे.

आमच्या कार्यालयात चुकीचा आकडा खोडायची एक पद्धत आहे. गिरबटायचं नाही, पांढरं लावायचं नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खाली काय होतं ते वाचता येतं. वर बरोबर आकडा लिहायचा. बाजूला सही आणि तारीख. काल मी ती वही काढली. 79 वर एक रेघ मारली, 9 वर एक रेघ मारली. वर मास्तरांच्या आकड्यांत लिहिलं, ७१ आणि १. सही केली. त्या पानाची झेरॉक्स आणि या लिखाणाची प्रत आधी भास्करला पाठवतो आहे, दुसरी खालिदला. हे तुमच्यापर्यंत येईल तेव्हा त्या दोघांनी वाचलेलं असेल. ते काय म्हणतील, ते इथं येणार नाही. ते त्यांचं आहे.

मग भास्करचं पान काढलं, आणि तेही दुरुस्त केलं. आता ते असं आहे:

सामने ४. गोल ६. पिवळी कार्डं १.

हा मराठी एक आहे.